गावाचं नाव जंक्शन, पण रेल्वे नाही: वालचंदनगरहून पुण्याला जायचं तर ट्रेन बरी की गाडी?

बारामतीहून इंदापूरकडे निघालात की भवानीनगर जातं, लासुर्णे जातं आणि मग एक फाटा येतो. तिथल्या गावाचं नाव आहे जंक्शन. बाहेरचा माणूस पाटी वाचून हमखास विचारतो, "इथं रेल्वे स्टेशन कुठाय?"

स्टेशन नाही. रूळ नाहीत. इथे मिळतात ते रस्ते. एक वालचंदनगरला वळतो, दुसरा इंदापूरकडे सरळ जातो. रेल्वे बघायची असेल तर बारामतीला जा, नाहीतर भिगवणला.

सोशल मीडियावर अधूनमधून एक वाद रंगतो. युरोपात फिरताना ट्रेन घ्यावी की गाडी भाड्याने घ्यावी? जर्मनीच्या खेड्यापाड्यांत जायचं तर ट्रेन पुरते का? फोटो सुंदर असतात, मतं ठाम असतात. पण हाच प्रश्न आपल्याकडच्या एखाद्या गावातून विचारला तर काय उत्तर येतं? समजा तुम्ही वालचंदनगरला राहता आणि तुम्हाला पुण्याला जायचंय. कॉलेजची प्रवेशफेरी आहे, आईला डॉक्टरकडे दाखवायचंय किंवा नोकरीची मुलाखत आहे. ट्रेन, एसटी, दुचाकी की स्वतःची कार?

वरवर हा प्रश्न आवडीचा वाटतो. हिशोब मांडायला घेतला की कळतं, बहुतेकांसाठी निवड आधीच होऊन गेलेली असते. ती कुणी आणि कशी केली, तेच या लेखात समजून घेऊ.

बोगदे खोदणाऱ्याचं गाव

सुरुवात गावाच्या नावापासून करू, कारण यात एक गंमत आहे.

वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ चा, सोलापूरचा. घरचा व्यापार सोडून ते ठेकेदारीत उतरले ते रेल्वेच्या कामांमधून. त्यांचे भागीदार लक्ष्मणराव फाटक हे आधी रेल्वेत कारकून होते. पुढे मुंबई-पुणे रेल्वेमार्गावर बोरघाटातल्या बोगद्यांचं मोठं काम वालचंद यांच्या कंपनीने केलं. आज तुम्ही डेक्कन क्वीनने घाट चढता तेव्हा त्या कामाचा लाभ घेत असता.

याच माणसाने १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही मोटारींची कंपनी काढली. पुढे घराघरांत ओळखीची झालेली 'पद्मिनी' याच कंपनीची. शिवाय जहाजं आणि विमानंही होतीच. म्हणजे रेल्वे आणि मोटार, दोन्हींशी या माणसाचं नाव जोडलेलं.

१९३० च्या दशकात इंदापूर तालुक्यातल्या कळंब गावाच्या परिसरात, नीरा नदीच्या काठी, त्यांनी ऊस आणि साखरेचा कारखाना उभा केला. त्याभोवती वसाहत वाढली, तीच वालचंदनगर. इथल्या अभियांत्रिकी कारखान्यात इस्रोच्या रॉकेटसाठी मोटार केसिंग बनतात. चांद्रयान-३ ज्या रॉकेटने गेलं, त्याच्या बूस्टरमध्येही या गावाचा वाटा होता.

चंद्रापर्यंत पोहोचलेल्या या गावातून रेल्वे स्टेशनला जायचं, तर मात्र आधी तीसेक किलोमीटर रस्ता तुडवावा लागतो.

नकाशावर पर्याय किती आहेत?

वालचंदनगर ते पुणे हे अंतर रस्त्याने साधारण १३५ किलोमीटर. जायचे मार्ग ढोबळमानाने तीन.

पहिला, सगळा प्रवास रस्त्याने. भिगवणला जाऊन पुणे-सोलापूर महामार्ग पकडायचा किंवा बारामतीवरून पाटसकडे निघायचं. कारने वाहतूक बरी असेल तर तीन तास. हडपसरला अडकलात तर पुढचं देवाला माहीत.

दुसरा, बारामतीपर्यंत रस्त्याने आणि तिथून दौंडमार्गे पुण्याला ट्रेन. बारामती हे या शाखेचं शेवटचं स्टेशन. दौंड-बारामती अंतर सुमारे ४४ किलोमीटर आणि दौंड ते पुणे साधारण ७५.

तिसरा, भिगवणला जाऊन तिथे मुख्य मार्गावरची गाडी पकडायची. भिगवण हे मुंबई-पुणे-सोलापूर या मोठ्या मार्गावर आहे. इथून दिवसरात्र गाड्या धावतात. पण धावणं वेगळं आणि थांबणं वेगळं. मुंबई-सोलापूर वंदे भारत फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाली. ती कुर्डुवाडीला थांबते, भिगवणला नाही. फ्लेमिंगो बघायला लांबून लोक भिगवणला येतात, पण वेगवान गाड्या तिथून शिट्टी वाजवत निघून जातात.

म्हणजे कागदावर रेल्वे आहे आणि एक नव्हे, दोन स्टेशनं आहेत. मग लोक ती का वापरत नाहीत?

पैशांचा हिशोब: सगळ्यात स्वस्त काय?

आधी खिसा तपासू. एका माणसाचा एका बाजूचा प्रवास धरू.

कार लिटरला १५ किलोमीटर चालते असं समजा. १३५ किलोमीटरला ९ लिटर पेट्रोल लागलं. लिटरला १०५ रुपये धरले तर झाले साधारण ९४५ रुपये. भिगवणमार्गे गेलात तर पाटसचा टोल वेगळा.

एसटीचं भाडं सहा किलोमीटरच्या टप्प्याने मोजतात. जानेवारी २०२५ मध्ये १४.९५ टक्के भाडेवाढ झाली आणि साध्या बसचा एक टप्पा १०.०५ रुपयांचा झाला. १३५ किलोमीटर म्हणजे २३ टप्पे, म्हणजे सुमारे २३० रुपये.

आता ट्रेन. बारामतीपर्यंत एसटीने पाच टप्पे, म्हणजे पन्नासेक रुपये. पुढे पॅसेंजरचं साधं तिकीट पन्नास रुपयांच्या आत. कोरोनानंतर बरीच वर्षं पॅसेंजर गाड्यांनाही एक्स्प्रेसचं भाडं लावलं जात होतं आणि किमान तिकीट ३० रुपये झालं होतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते पुन्हा १० रुपयांवर आलं. एकूण काय, ट्रेनच्या वाटेने माणूस शंभर रुपयांच्या आसपास पुण्यात पोहोचतो.

९४५, २३० आणि १००. एकट्या माणसासाठी उत्तर उघड आहे.

पण घरातले चौघं निघाले तर? कारचे ९४५ रुपये चौघांत वाटले की माणशी २३६ येतात. म्हणजे चौघं बसले की कार आणि एसटी जवळपास बरोबरीत. घरापासून घरापर्यंत, सामानासकट. म्हणून लग्नाकार्याला निघालेलं कुटुंब कारने जातं, यात हौस थोडी आणि गणित जास्त असतं.

या गणिताला मागच्या काही वर्षांत एक मोठा धक्का बसला. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना एसटी मोफत झाली. १७ मार्च २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट लागू झालं. आता तेच चौघं पुन्हा मोजा. ८० वर्षांची आजी, आई, मुलगी आणि वडील. आजीचं तिकीट शून्य, आई आणि मुलीचं प्रत्येकी ११५, वडिलांचं २३०. एकूण ४६० रुपये, म्हणजे कारच्या निम्मे.

रेल्वेने मात्र उलटी दिशा धरली. ज्येष्ठांची तिकीट सवलत मार्च २०२० मध्ये थांबवली, ती परत आलेली नाही.

अजून एक गोष्ट. आपण कारचा खर्च मोजताना फक्त पेट्रोल मोजतो. कर्जाचा हप्ता, विमा, टायर, सर्व्हिसिंग हे सगळं गाडी दारात उभी असतानाही चालूच असतं. पण तो पैसा 'आधीच गेलेला' असतो, त्यामुळे प्रवासाच्या दिवशी तो डोळ्यांसमोर येत नाही. एकदा गाडी घेतली की ती वापरणं स्वस्त वाटायला लागतं. गाडी घेण्याचा निर्णय एकदाच होतो आणि पुढची दहा वर्षं ट्रेन की गाडी हा प्रश्नच मिटतो.

वेळेचा हिशोब: खरी मेख इथे आहे

शंभर रुपयांत पुणं मिळत असेल, तर बारामतीच्या ट्रेनला वालचंदनगरकरांची झुंबड उडायला हवी. तशी ती उडत नाही.

ट्रेनचा दिवस कसा जातो ते बघा. घरातून बसस्टँड. बसची वाट. बारामतीपर्यंत तासभर. बारामती स्टँडवरून स्टेशन. गाडीची वाट. मग पुण्यापर्यंत तीन तासांच्या आसपास. पुणे स्टेशनवरून पुढे रिक्षा नाहीतर पीएमपी. सगळं जमून आलं तरी पाच तास जातात आणि एखादा दुवा निसटला की सहा-सात.

यातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द आहे 'वाट'. बारामती शाखेवर दिवसात मोजक्याच गाड्या आहेत. एक चुकली तर पुढची दहा मिनिटांत नसते. एसटीचं वेळापत्रक एक संस्था करते, रेल्वेचं दुसरी. ट्रेन आली की बाहेर वालचंदनगरची बस उभी असेल, अशी हमी कुणीच देत नाही, कारण ते कुणाचंच काम नाही.

आणि परतीचं काय? ग्रामीण प्रवासात जाण्यापेक्षा येणं अवघड असतं. पुण्यातलं काम चार वाजता संपेल की सहा वाजता, हे डॉक्टर ठरवतो नाहीतर साहेब. संध्याकाळच्या गाडीने रात्री बारामतीला उतरलात आणि गावाकडची शेवटची बस निघून गेली असेल, तर शंभर रुपयांच्या प्रवासाला शेवटच्या ३० किलोमीटरसाठी खासगी गाडीचे कितीतरी पट पैसे मोजावे लागतात. नाहीतर घरून कुणाला तरी रात्री दुचाकीवर बोलवावं लागतं.

म्हणून गावाकडे प्रवासाचा पहिला प्रश्न 'किती वाजता निघायचं' हा नसतो. 'शेवटची गाडी किती वाजता' हा असतो. शेवटच्या गाडीचा भरवसा नसेल तर पहिली गाडी कितीही चांगली असून उपयोग नाही.

खरी स्पर्धा कारशी नाहीच

'ट्रेन की कार' या वादात एक मोठा गट सुटून जातो. भारतात कार आहे कुणाकडे?

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातल्या जेमतेम ८ टक्के घरांमध्ये कार आहे. दुचाकी मात्र जवळपास निम्म्या घरांत आहे. ऊसपट्ट्यात, कारखान्याच्या गावांत हे प्रमाण जास्त असू शकेल, पण चित्र बदलत नाही. गावाकडे एसटी आणि ट्रेनचा खरा स्पर्धक कार नाही, दुचाकी आहे.

तीही मोजून बघू. वालचंदनगर ते बारामती ३० किलोमीटर. दुचाकी लिटरला ४५ किलोमीटर देत असेल तर साधारण ७० रुपयांचं पेट्रोल. दोघं बसले तर माणशी ३५. एसटीचे ५०. पुरुषाला दुचाकी परवडते आणि वाटही बघावी लागत नाही. बाईला एसटीचे २५ रुपये परवडतात, पण बसची वाट बघावी लागते.

इथे घराघरांतलं एक जुनं वाटप दिसतं. घरात एकच दुचाकी असेल तर ती बहुधा कर्त्या पुरुषाकडे किंवा तरण्या पोराकडे असते. बस चुकली, फेरी रद्द झाली किंवा ट्रेनची वेळ बदलली, तर अडकतात त्या कॉलेजला जाणाऱ्या मुली, दवाखान्याला निघालेल्या म्हाताऱ्या आणि बाजाराला निघालेल्या बायका. ऑक्टोबर २०२१ अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत एसटीचा संप चालला. तेव्हा ज्यांच्या दारात गाडी होती त्यांचं अडलं, पण भागलं. बाकीच्यांचं नुसतंच अडलं.

आणि जिवाचा हिशोब

पैसा आणि वेळ आपण मोजतो. तिसरी गोष्ट मोजत नाही.

२०२२ मध्ये भारतात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली. महाराष्ट्रात १५ हजारांहून जास्त. देशातल्या मृतांपैकी दुचाकीवरचे सुमारे ४४ टक्के. २०२३ मध्ये देशाचा आकडा १ लाख ७२ हजारांच्या पुढे गेला.

ऊसपट्ट्यातल्या माणसाला हे आकड्यांशिवायही कळतं. गाळप हंगाम सुरू झाला की बारामती-इंदापूरच्या रस्त्यांवर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर धावायला लागतात. ऊस ट्रॉलीच्या बाहेर आलेला, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर धुळीने माखलेला. समोरून येणाऱ्या ट्रकच्या उजेडाने डोळे दिपलेले असताना उभी ट्रॉली दिसायला एक सेकंद उशीर झाला की संपलं. दरवर्षी हंगामाच्या तोंडावर रिफ्लेक्टर लावण्याच्या मोहिमा होतात, त्या उगाच होत नाहीत.

रेल्वेत डब्यात बसलेल्या प्रवाशाला अपघाताचा धोका याच्या तुलनेत फारच कमी. रूळ ओलांडताना आणि धावत्या गाडीतून पडून दरवर्षी हजारो लोक जातात, हेही खरं. पण पुण्याहून रात्री दमून परतताना स्वतः दुचाकी हाकणं आणि डब्यात बसून डुलकी काढणं, यातलं सुरक्षित काय, यावर वाद होऊ नये. ट्रेन की गाडी हा प्रश्न सोयीचा म्हणून विचारला जातो, पण तो जिवाचाही आहे.

जर्मनीत तरी सगळे ट्रेननेच जातात का?

आता ज्या देशाचे फोटो बघून आपण उसासे टाकतो, तिकडे जाऊ.

पहिला गैरसमज दूर करू. जर्मनीच्या खेड्यांतही बहुतेक लोक कारच वापरतात. हा मोटारी बनवणाऱ्यांचा देश आहे. तिथे हजार माणसांमागे साधारण ५८० कार आहेत. गाड्या वेळेवर येतात हा समजही आता जुना झाला. २०२४ मध्ये तिथल्या लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी फक्त ६२.५ टक्के वेळेवर पोहोचल्या. म्हणजे दर आठ गाड्यांपैकी तीन उशिरा. तिकडे शिकायला गेलेल्या मराठी पोरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर या विषयावर बरंच काही ऐकायला मिळतं.

पण तिथल्या दोन गोष्टी समजून घेण्यासारख्या आहेत.

एक म्हणजे तिकीट. मे २०२३ मध्ये तिथे महिन्याला ४९ युरोचा एकच पास सुरू झाला. २०२५ मध्ये तो ५८ युरोंचा झाला आणि २०२६ मध्ये ६३ युरोंचा. वेगवान लांब पल्ल्याच्या गाड्या त्यात नाहीत. पण देशभरातल्या स्थानिक ट्रेन, शहरातल्या मेट्रो आणि ट्राम, गावातल्या बस, सगळं त्या एका पासात. खेड्यातून बसने निघालेला माणूस ट्रेन बदलून शहरातल्या ट्राममध्ये चढतो आणि त्याला दुसरं तिकीट काढावं लागत नाही.

याची मुळं जुनी आहेत. १९६५ मध्ये हॅम्बुर्ग शहराने वेगवेगळ्या वाहतूक कंपन्यांना एका छत्राखाली आणून एक वेळापत्रक आणि एक तिकीट केलं. पुढे तो नमुना देशभर पसरला.

दुसरी गोष्ट आपल्यासाठी जास्त कामाची. जर्मनीनेही खेड्यांतले शेकडो छोटे रेल्वेमार्ग बंद केले होते. कारण तेच, कार आली आणि प्रवासी आटले. दक्षिण जर्मनीत ब्योब्लिंगेन ते डेटेनहाउझेन असा १७ किलोमीटरचा एक मार्ग आहे. त्यावरची प्रवासी गाडी १९६६ मध्ये बंद झाली. तीस वर्षांनी तिथल्या दोन जिल्हा प्रशासनांनी पुढाकार घेतला, मार्ग ताब्यात घेतला आणि डिसेंबर १९९६ मध्ये गाडी पुन्हा सुरू केली. दिवसातून दोनदा नव्हे, दर अर्ध्या तासाला. बस तिच्या वेळेला जोडल्या. प्रवासी अंदाजापेक्षा कितीतरी जास्त आले.

तेच गाव, तेच रूळ आणि कार तर आधीपेक्षा जास्त. बदललं होतं वेळापत्रक.

इथे एक फरक मान्य केला पाहिजे. जर्मनीत १९९६ पासून स्थानिक ट्रेन कोणती, किती आणि कधी धावेल हे राज्यं ठरवतात आणि त्यासाठी केंद्राकडून त्यांना पैसे मिळतात. आपल्याकडे पॅसेंजर गाडीचा निर्णय रेल्वे मंत्रालयाच्या यंत्रणेत होतो, एसटी राज्याची आणि पीएमपी महापालिकांची. बारामतीची ट्रेन आणि इंदापूरची बस यांची गाठ घालायची तर तीन वेगळ्या घरांतल्या माणसांना एका टेबलाशी बसवावं लागेल.

हा वाद आपल्याकडेही जुनाच

रेल्वे की मोटार हे भांडण आपल्याकडे व्हॉट्सॲपपेक्षा बरंच जुनं आहे.

इंदापूरच्या पूर्वेला, शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात, १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. अडीच फुटी रुळांची ती छोटी गाडी एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरच्या डोक्यातून निघाली. पुढे ती पंढरपूर, लातूर आणि १९२७ मध्ये मिरजेपर्यंत पोहोचली. दौंड-बारामतीची गाडीही १९१४ च्या सुमारास सुरू झाली ती अशाच अरुंद रुळांवर. मोठ्या रेल्वेला गावं जोडायची, हा या छोट्या गाड्यांचा उद्देश. आज ज्याला आपण 'लास्ट माइल' म्हणतो, तोच.

मग मोटार आली. १९३० च्या दशकापर्यंत खासगी बसवाल्यांनी रेल्वेला इतकं जेरीस आणलं, की १९३२ मध्ये सरकारने रेल्वे आणि रस्ता यांच्या स्पर्धेचा अभ्यास करायला मिचेल-किर्कनेस समिती नेमली. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने बसवर परवान्यांचं बंधन घातलं. स्वातंत्र्यानंतर १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली आणि गावं जोडण्याचं काम हळूहळू लाल गाडीकडे गेलं. गावागावांत पोहोचण्यात रेल्वे एसटीची बरोबरी कधीच करू शकली नसती आणि तशी गरजही नव्हती. गरज होती ती दोघींनी एकमेकींची वाट बघण्याची.

येत्या काळात काय बदलेल?

या भागात दोन मोठी कामं चालू आहेत.

पहिलं रेल्वेचं. बारामती-फलटण-लोणंद मार्ग नव्वदच्या दशकात मंजूर झाला. त्यातला लोणंद-फलटण हा तुकडा पूर्ण झाला आणि मार्च २०२१ मध्ये फलटण-पुणे डेमू सुरू झाली. फलटण-बारामती हा उरलेला साधारण ३७ किलोमीटरचा भाग भूसंपादनात वर्षानुवर्षं रखडला. तो पूर्ण झाला की बारामती हे 'शेवटचं स्टेशन' राहणार नाही. एका बाजूला दौंड आणि दुसऱ्या बाजूला लोणंद, म्हणजे खरंखुरं जोडस्थान होईल.

दुसरं रस्त्याचं. संत तुकाराम महाराज पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाची पायाभरणी ८ नोव्हेंबर २०२१ ला झाली. पाटसपासून बारामती, इंदापूर, अकलूजकडे जाणारा हा मार्ग जंक्शन गावाच्या दारातूनच जातो. वारीला मोठी सोय झाली. पण चौपदरी रस्ता वर्षाचे ३६५ दिवस चालतो. त्याने कारचे तीन तास अडीचवर आणले, तर ट्रेनचे पाच तास आणखी लांब वाटायला लागतील.

दोन्ही कामं सरकारी पैशातलीच. फरक इतकाच, की रस्ता झाला की त्यावरून कधी निघायचं हे तुम्ही ठरवता. रूळ झाले की त्यावर गाडी किती वेळा धावणार, हे दुसरंच कुणी ठरवतं. रेल्वेच्या उद्घाटनाच्या दिवशी टाळ्या मिळतात त्या रुळांना. प्रवाशाला लागतं ते वेळापत्रक.

मग तुम्ही काय निवडायचं?

आजच्या घडीला, या भागातून पुण्याला निघताना एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे.

एकटे आहात, वेळ आहे आणि दिवसाउजेडी परत यायचंय, तर ट्रेन सगळ्यात स्वस्त. मात्र जायच्या आधी परतीच्या ट्रेनची आणि त्यानंतरच्या शेवटच्या बसची वेळ पक्की करा.

सोबत महिला आणि ज्येष्ठ असतील तर पैशांत एसटीला तोड नाही. कार घरात असली तरी एकदा हिशोब करून बघा.

चौघं किंवा जास्त जण असाल, सामान असेल, रुग्ण सोबत असेल, तर कार योग्य आहे. त्यात अपराधी वाटण्यासारखं काही नाही.

दुचाकीवरून पुणे मात्र टाळा. निदान हंगामात आणि रात्री तरी. दुचाकी बारामती किंवा भिगवणला स्टेशनवर लावून पुढे ट्रेन पकडली तर पैसाही वाचतो आणि पाठही.

हा झाला एकेकट्याचा शहाणपणा. पण प्रश्न एकेकट्याने सुटणारा नाही. त्यासाठी बुलेट ट्रेन लागत नाही. बारामती आणि भिगवणला थांबणाऱ्या गाड्यांच्या वेळा धरून वालचंदनगर, इंदापूर, भवानीनगरकडच्या एसटीच्या फेऱ्या लावणं, रात्रीच्या शेवटच्या ट्रेनला शेवटची बस बांधून देणं आणि स्टेशनवर दुचाकी ठेवायला सुरक्षित जागा देणं, इतकी साधी कामं आहेत. यातल्या बसच्या फेऱ्यांसाठी नवे रूळ टाकावे लागत नाहीत. दोन खात्यांनी एकमेकांना फोन करावा लागतो.

ग्रामसभेत, तालुक्याच्या बैठकीत, आमदार-खासदार मत मागायला येतील तेव्हा आपण स्टेशन मागतो, नवी गाडी मागतो, थांबा मागतो. ते मागायलाच हवं. त्यासोबत एक प्रश्न विचारायची सवय लावून घेऊ: ट्रेन आली की बाहेर बस असेल का?

याचं उत्तर 'हो' आलं, तर जंक्शन गावात रेल्वे स्टेशन नसलं तरी फारसं बिघडणार नाही.